रूळ टाकण्याआधी

रिकामी खोली फसवी असते. भिंतींचा रंग ताजा असतो, जमिनीवर सामान नसतं, बोललं की आवाज घुमतो. अशा खोलीत उभं राहिलं की मॉडेल रेल्वेची मुख्य लाइन, घाट, पूल, यार्ड सगळं मनातल्या मनात आरामात मावतं. मग टेप काढावा आणि दार उघडून बघावं. ८० सेंमीचं दार आत उघडत असेल, तर तेवढ्या त्रिज्येचं पाव वर्तुळ हातचं गेलं. खिडकीचं तावदान आत येतं का, विजेचे बोर्ड कुठे आहेत, कोणत्या भिंतीला ओल धरते, ऊन कुठवर पोचतं, हे सगळं १:१० प्रमाणात एका कागदावर उतरेपर्यंत एकही रूळ विकत घेऊ नये.

मॉडेल रेल्वेतल्या बऱ्याच गोष्टी मागाहून बदलता येतात. डोंगर आवडला नाही तर खरवडून काढावा, स्टेशनची इमारत उचलून दुसरीकडे ठेवावी, झाडं उपटावीत. पण वळणाची त्रिज्या, चढाचं प्रमाण, टेबलाची उंची आणि हात कुठवर पोचतो ही चार मापं एकदा लाकडात बसली की लेआउट, म्हणजे रूळ-टेबल-देखाव्याची सगळी मांडणी, मोडल्याशिवाय बदलत नाहीत. हौशी मंडळी नेमकी उलटी वाटणी करतात. इंजिनाच्या रंगछटेवर महिनाभर चर्चा होते आणि वळणाची त्रिज्या उरलेल्या जागेवरून ठरते.

खोलीची कामं आधी उरकावीत. छताचा रंग, दिवे, जादा सॉकेट, खिडकीचा पडदा यांतलं काहीही राहिलं, तर पुढे शिडी लेआउटवरून तिरकी लावून काम करावं लागतं आणि तेव्हा स्क्रूड्रायव्हर हमखास पुलावर पडतो. छताचा पोपडा किंवा भुकटी पडत असेल तर तिथे आधी सीलर मारावा. दिवे लेआउटच्या पुढच्या कडेच्या वर हवेत. मधोमध एकच दिवा असला की बघणाऱ्याची सावली गाडीवर पडते. ४००० केल्विनच्या आसपासच्या आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरच्या एलईडी पट्ट्या घेतल्या तर गवताचा हिरवा रंग खरा दिसतो. लेआउटची सगळी वीज एकाच मुख्य स्विचवरून जावी आणि तो चालू असल्याचा लाल दिवा दाराजवळ दिसावा. तापलेला सोल्डरिंग आयर्न विसरून माणसं निघून जातात, हे गृहीतच धरावं.

आता स्केल. एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. ब्रिटनमध्ये रूढ असलेलं ओओ १:७६, पण गेज तेच १६.५, म्हणून ओओच्या गाड्या रुळाच्या मानाने जरा धिप्पाड दिसतात. एन म्हणजे १:१६० (ब्रिटनमध्ये १:१४८, जपानमध्ये बहुधा १:१५०), गेज ९ मिमी. ओ स्केल ३२ मिमीचं, देखणं, पण साध्या खोलीत त्याचं एखादं छोटं टर्मिनस जेमतेम बसतं. एनमध्ये प्रत्येक लांबी एचओच्या सुमारे ५४ टक्के होते, म्हणजे तोच आराखडा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी क्षेत्रफळात बसतो. ऐकायला छान वाटतं. मात्र एनचं इंजिन हलकं असतं, चाकं बारीक असतात, आणि रुळावरची जी धूळ एचओचं इंजिन चिरडून पुढे जातं तिथे एनचं अडखळतं. ज्याला लांब गाड्या मोकळ्या मुलखातून धावताना बघायच्या आहेत त्याने एन घ्यावं. ज्याला वाघिणी (मालडबे) जोडत-सोडत शंटिंग करायचं आहे त्याला एचओ जास्त सुख देतं. पुढची सगळी गणितं एचओची आहेत.

त्रिज्या ठरवायची ती सर्वांत लांब डब्यावरून. ८५ फुटी प्रवासी डबा एचओमध्ये जवळपास ३०० मिमीचा होतो. त्रिज्या डब्याच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे ६०० मिमी असेल, तर डबा जाईल, पण कधी ना कधी रूळ सोडेल. अडीचपट, म्हणजे ७५० मिमी असेल, तर बिनबोभाट जाईल. तिप्पट, म्हणजे ९०० मिमीला, वळणाच्या आतल्या बाजूने बघताना तो बराही दिसायला लागतो. वळणावर डबे आपोआप जोडले जावेत अशी अपेक्षा असेल तर पाचपट, दीड मीटर. खेळण्यांच्या संचात मिळणारं ४५७ मिमीचं वळण हे या डब्यांसाठी नव्हेच. पण ४० फुटी वाघीण एचओमध्ये १४० मिमीचीच भरते. तिची अडीचपट ३५० मिमी होते, तेव्हा ४५७ च्या वळणावर छोट्या वाघिणींची शाखालाइन मजेत चालते. खोली लहान असेल तर गाड्या लहान निवडाव्यात, वळण लहान करू नये.

एक खोली धरून चालू: ३ मीटर बाय ३.६ मीटर. पहिला मोह १.२२ बाय २.४४ मीटरची आख्खी प्लायवुडची शीट मधोमध मांडण्याचा होतो. ती कापावी लागत नाही एवढाच तिचा गुण. तीन बाजूंनी चालायला ६०-६० सेंमी सोडले की २.४ बाय ३ मीटर जागा गेली, म्हणजे खोलीत दुसरं काही राहिलं नाही. वळण ५५ सेंमीच्या पुढे जात नाही आणि पूर्ण फेरा भरतो ५.९ मीटर. तीच खोली भिंतींच्या कडेने वापरली, ४५ सेंमी रुंदीची फळी चारही बाजूंना फिरवली, रूळ भिंतीपासून ३० सेंमीवर धरला आणि कोपऱ्यांत ७५ सेंमी त्रिज्या दिली, तर फेरा ९.५ मीटरचा होतो आणि माणूस मधे मोकळा उभा राहतो. शिवाय गाडी एका नजरेत पूर्ण दिसत नाही, तिच्यामागे वळावं लागतं. त्यामुळे अंतर आहे त्याहून जास्त वाटतं.

इथेच पहिली गोम आहे. कोपऱ्यात वळणाचा मध्यबिंदू दोन्ही भिंतींपासून १०५ सेंमीवर येतो. वळणाच्या ऐन मध्यावर, ४५ अंशांत, रूळ दोन्ही भिंतींपासून ५२ सेंमी दूर असतो. म्हणजे ४५ सेंमीच्या फळीच्या बाहेर! चारही आतल्या कोपऱ्यांत तिरका तुकडा जोडावाच लागतो, आणि तो जोडला की मधली उभं राहायची जागा तेवढी आक्रसते. कागदावर चौकोनी पट्टा काढून त्यात वळण 'साधारण' दाखवणाऱ्याला हे सुतारकाम सुरू झाल्यावर कळतं.

दुसरी गोम सरळ लांबीची. ३.६ मीटरच्या भिंतीतून दोन्ही कोपऱ्यांचे १०५-१०५ सेंमी वजा केले की सरळ रूळ उरतो दीड मीटर. आता गाडी किती लांब? २० सेंमीचं इंजिन, १५ सेंमीच्या आठ वाघिणी आणि मागे ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा) धरली तर दीड मीटर. दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील अशी लूप करायची, तर गाडीएवढी मोकळी लांबी, वर १५ सेंमीची सोय, आणि दोन्ही टोकांना ६ नंबरचा सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा फाटा. सहा नंबरच्या सांध्यात रूळ सहा एकक पुढे जाताना एक एकक बाजूला सरकतो. दोन रुळांत ५० मिमी अंतर पडायला फ्रॉगच्या (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या) अलीकडची-पलीकडची मिळून चाळीस-पंचेचाळीस सेंमी खर्ची पडतात. एकूण लूप अडीच मीटरच्या घरात जाते. भिंतीवर जागा दीड मीटर! तेव्हा लूप कोपऱ्यातून वळवावी लागणार, एक सांधा या भिंतीवर आणि दुसरा शेजारच्या.

लूप वळणावर गेली की तिसरी गोम पुढे येते. सरळ रुळावर ५० मिमी अंतर पुरतं, कारण डबा ३५ मिमी रुंद असतो आणि मधे १५ मिमी फट राहते. पण ७५ सेंमीच्या वळणावर ३०० मिमीच्या डब्याचं पोट आत झुकतं आणि टोकं बाहेर जातात. बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) मध्यांमधलं अंतर २१० मिमी धरलं, तर दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात मिमी. बाहेरच्या गाडीचं पोट आणि आतल्या गाडीची टोकं समोरासमोर आली की ती १५ मिमीची फट शून्यावर येते आणि डबे एकमेकांना घासतात. वळणावर दोन रुळांमध्ये निदान ६० मिमी ठेवावेत. बोगदा आणि फलाट यांनाही हेच गणित लागू. वळणावर फलाट शक्यतो करूच नये.

चढाबद्दल लोक सर्वांत जास्त आशावादी असतात. एक लाइन दुसरीवरून न्यायची तर खालच्या रुळाच्या माथ्यापासून ७६ मिमी मोकळी उंची हवी आणि वर पुलाची जाडी. एकूण १० सेंमी धरा. दोन टक्के चढ म्हणजे मीटरला दोन सेंमी. दहा सेंमी चढायला पाच मीटर, शिवाय सपाटीवरून चढाला लागताना आणि परत सपाटीला येताना ३०-३० सेंमीचा सावकाश बदल, नाहीतर कपलर (डबे जोडणारे आकडे) एकमेकांतून निसटतात. म्हणजे चढायला साडेपाच आणि उतरायला साडेपाच, अकरा मीटर. आपला अख्खा फेरा साडेनऊ मीटरचा. हिशोब इथेच संपतो. चार टक्के करू म्हणणाऱ्याने वळणाचा भारही जोडावा: एचओमध्ये त्रिज्या इंचांत घेऊन ३२ ला तिने भागलं की जो आकडा येतो, तेवढे टक्के चढात वाढले असं धरतात. ७५ सेंमी म्हणजे साडे-एकोणतीस इंच. म्हणून तिथला दोन टक्के चढ इंजिनाला तीन टक्क्यांसारखा लागतो. या खोलीत लाइन सपाट ठेवावी आणि जमीन खालीवर करावी. रूळ सपाट आणि नदी दहा सेंमी खाली असली तरी पूल तितकाच खरा दिसतो.

उंची किती? रूळ कोपर आणि छाती यांच्या मधे आला की गाडी खेळण्यासारखी वरून दिसत नाही, बाजूने दिसते. बहुतेकांना ११५ ते १३० सेंमी जमतं. पण उंची वाढली की हात कमी पोचतो. ७५ सेंमी ही हात पोचण्याची अगदी शेवटची हद्द, तीही टेबल कमी उंच असेल तर. १२५ सेंमी उंचीवर, समोरच्या इमारती न मोडता, ५० ते ६० सेंमीच्या पुढे काम करता येत नाही. सांधे आणि जोडणी-सोडणीच्या जागा ५० सेंमीच्या आतच असाव्यात. कोपऱ्याच्या टोकाला फक्त डोंगर आणि झाडं, तिथे रूळ नको. पडदा, म्हणजे मागचं आकाश, ३ मिमीच्या हार्डबोर्डवर आधीच रंगवून लावावा आणि कोपऱ्यात गोल वळवावा. कोपऱ्याची उभी रेघ आकाशात दिसली की सगळा भ्रम मोडतो.

दाराशी उचलून काढायचा किंवा बिजागरीचा पूल लागतो. वाकून खालून जाऊ असं पहिल्या वर्षी सगळेच म्हणतात. पाठ पुढे नाही म्हणते. बिजागरीच्या पुलात बिजागरीचा दांडा रुळाच्या माथ्याच्या किंचित वर यावा लागतो. तो खाली राहिला तर पूल उचलताना रुळाची टोकं एकमेकांत घुसतात. पूल उघडा असताना त्याच्या दोन्ही बाजूंच्या निदान एका गाडीएवढ्या रुळाची वीज आपोआप बंद व्हावी. पूल बसल्यावरच दाबला जाणारा मायक्रोस्विच यासाठी पुरतो. सव्वा मीटरवरून जमिनीवर पडलेलं इंजिन सहसा दुरुस्त होत नाही.

आराखडा संगणकावर काढायचा असेल तर एक्सट्रॅककॅड मुक्त आणि फुकट आहे. स्कार्म आणि एनीरेल शिकायला सोपे. त्यांचा मोठा फायदा असा की खऱ्या मापाचे सांधे त्यांत तयार असतात. हाताने काढलेल्या आराखड्यात प्रत्येक सांधा नकळत आखूड होतो, आणि दहा सांध्यांच्या यार्डात मीटरभर खोटी लांबी जमा होते. पेकोसारखे उत्पादक आपल्या सांध्यांचे पूर्ण मापाचे नकाशे छापायला देतात. ते छापून, कापून, जमिनीवर कागदाच्या पट्ट्यांवर चिकटवावेत, त्यांवर डबे ठेवावेत आणि मोकळी लांबी टेपने मोजावी. एक दिवस जातो, पण तेवढ्यात निम्मे बदल सुचतात.

लाकूडकामात एल-गर्डर ही पद्धत लिन वेस्टकॉट यांनी 'मॉडेल रेलरोडर' मासिकातून लोकप्रिय केली. उभ्या पट्टीच्या वरच्या कडेला एक आडवी रीप जोडली की उलट्या एलसारखी तुळई होते. तिच्यावर आडवे वासे टाकायचे, वाशांवर उभे ठोकळे, ठोकळ्यांवर रुळाखालची प्लायवुडची पट्टी. सगळे स्क्रू खालून. त्यामुळे रूळ टाकल्यावरही एखादा ठोकळा सैल करून दोन मिमी वरखाली करता येतो. मोठ्या, कायमच्या लेआउटसाठी याहून सोयीचं काही नाही. पण घर नवं असलं तरी ते शेवटचं आहे असं कोणी सांगितलंय? भिंतीच्या कडेचा लेआउट १२० सेंमी लांबीच्या सुट्या भागांत बांधावा. जास्तीत जास्त लांबी ठरवण्यापूर्वी जिन्याचं वळण आणि दाराची रुंदीही मोजावी.

असा एक भाग १२ मिमी प्लायवुडच्या ९० मिमी रुंद पट्ट्यांनी होतो: दोन लांब बाजू, दोन टोकं आणि दर ४० सेंमीला एक आडवी पट्टी. वर १२ मिमीचंच प्लाय, किंवा ५ मिमी प्लाय आणि त्यावर ५० मिमी कडक एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचा) फोम. फोममध्ये नदीनाले कापणं सोपं जातं आणि वजनही कमी होतं. मात्र तो गरम तारेने कापला तर विषारी धूर येतो, म्हणून करवत किंवा लांब पात्याचा चाकू वापरावा, आणि द्रावक असलेला गोंद लावू नये, फोम विरघळतो. टोकाच्या पट्ट्या जोडीने एकत्र दाबून एकाच वेळी भोकं पाडावीत: प्रत्येक जोडाला दोन ८ मिमीचे बोल्ट, रुंद वॉशर आणि विंगनट. बोल्ट फक्त आवळायचं काम करतो, रूळ ओळीत आणण्याचं काम धातूच्या डोवेलचं (खुंटीचं). भोकं गुण्याला बघून सरळ पडली नाहीत तर पुढे प्रत्येक जोडावर रूळ कानसत बसावं लागतं. जोडावरून सांधा कधीही येऊ देऊ नये. रूळ तिथे शक्यतो सरळ आणि काटकोनात ओलांडावा. सांध्याची मोटर आडव्या पट्टीवर येणार नाही हेही आत्ताच बघावं, कारण टॉर्टॉइजसारखी मोटर फळीच्या खाली दहा सेंमी जागा मागते.

लाकूड आणलं की लगेच कापू नये. ज्या खोलीत लेआउट राहणार तिथेच ते आठवडा-दोन आठवडे आडवं रचून ठेवावं, आणि कापल्यावर सगळ्या बाजूंना, कडांनाही, रंग किंवा सीलर द्यावा. उन्हाळ्यात रूळ फुगले म्हणून वाकले असं सर्रास म्हणतात. निकेल सिल्व्हरचा दहा मीटर रूळ २० अंश तापमान वाढलं तर साडेतीन मिमीच्या आसपास वाढतो, म्हणजे रुळाच्या एका ९१४ मिमीच्या पट्टीला ०.३ मिमी. बाकीचं वाकणं लाकडाने हवेतला ओलावा शोषल्या-सोडल्यामुळे असतं. सरळ भागात दर पट्टीनंतर अर्धा मिमी फट ठेवावी. रूळ थंडीत टाकत असाल तर जराशी जास्त, भर उन्हाळ्यात जवळजवळ नाही.

रूळ टाकताना सगळ्यात जास्त वेळ दोन पट्ट्यांच्या जोडावर घालवावा. लवचीक पट्टी वाकवली की आतला रूळ बाहेरच्यापेक्षा पुढे सरकतो. तो कापावा लागतो. कापलेल्या टोकाला खाली आणि आतल्या बाजूला धातूची बारीक धार राहते. ती कानसली नाही तर रेल जॉइनर, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारी जोडपट्टी, तिरका बसतो, एक टोक केसभर वर येतं, आणि चाकाची कड नेमकी तिथे चढते. डोळ्याला हे दिसत नाही. नख रुळाच्या माथ्यावरून आणि मग आतल्या बाजूने फिरवावं. टक् करून अडलं की तिथे गाडी कधीतरी पडणारच. दुसरी युक्ती: गाल रुळाच्या पातळीला टेकवून एका टोकाकडून बघावं, डोकं जात नसेल तर छोटा आरसा धरावा. सरळ वाटणारा रूळ असा बघितला की त्यातला प्रत्येक गुडघा दिसतो. वळणावर जोड येत असेल तर दोन पट्ट्या आधी सरळ असतानाच सोल्डर कराव्यात आणि मग एकत्र वाकवाव्यात. जोडपट्टीला वळणावर मोकळं सोडलं की तिथे हमखास कोपरा पडतो.

सरळ रुळावरून थेट ७५ च्या वळणात शिरू नये. सरळ रेषा वळणाच्या वर्तुळापासून बारा मिमी बाहेर सरकवावी आणि लवचीक रीप वाकवून पंचेचाळीस सेंमीच्या आसपास लांबीत दोन्ही जोडाव्यात. गाडी वळणात झटका न खाता शिरते. उजवं वळण संपून लगेच डावं सुरू होत असेल तर मधे सर्वांत लांब डब्याएवढा सरळ तुकडा हवाच. दोन समांतर रुळांना जोडणारा क्रॉसओव्हर म्हणजे असंच उलटसुलट वळण. म्हणून मुख्य लाइनवर ४ नंबरचे सांधे लावून वाचवलेली जागा पुढे डबे पाडून परत घेते. यार्डात ४ नंबर चालतो.

रूळ खिळ्यांनी ठोकू नयेत. खिळा जरा जास्त बसला की स्लीपर मधे दबतो आणि गेज आवळतं. लेटेक्स कॉकचा (फटी भरायच्या लवचीक लेपाचा) कागदाइतका पातळ थर रुळाखालच्या कॉर्कच्या थरावर पसरून त्यात पट्टी दाबावी, वर जड वस्तू ठेवून रात्रभर सोडावी. चुकलं तर खाली पातळ पातं सारून रूळ न मोडता उचलता येतो. सांध्यांच्या हलत्या पात्यांखाली मात्र कॉक लावू नये.

डीसीसी, म्हणजे रुळातून वीज आणि आज्ञा एकत्र पाठवणारी पद्धत, जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या कामावर उभी आहे आणि एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेच्या हौशी मंडळींच्या संघटनेने १९९० च्या दशकात तिचं मानक केलं. दोनच तारा लागतात अशी तिची जाहिरात होते. छोट्या गोल रुळाला दोन पुरतातही. पण रेल जॉइनर हा विजेचा भरवशाचा जोड नाही, वर्षभरात त्यात मळ बसतो. म्हणून लेआउटखालून २.५ चौरस मिमीची बस वायर, म्हणजे मुख्य तार, न्यावी आणि तिच्यापासून रुळाच्या प्रत्येक पट्टीला ०.५ चौरस मिमीचे दोन फीडर (जोडतारा), प्रत्येकी तीस सेंमीहून आखूड. एका रुळाचा एकच रंग, सगळीकडे तोच. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना लेबल. भागांच्या जोडावर प्लग, सोल्डर नाही. मग नाण्याची परीक्षा: लेआउटवर कुठेही नाणं दोन्ही रुळांवर आडवं टाकलं की बूस्टर (रुळाला वीज पुरवणारा डबा) लगेच बंद पडला पाहिजे. नाही पडला तर तिथे तार बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. पाच अँपिअर आणि पंधरा व्होल्ट म्हणजे ७५ वॉट. रुळावरून घसरलेल्या इंजिनातून तेवढी उष्णता काही सेकंद वाहिली तरी बोगीचं प्लास्टिक वितळतं. गाडी वळून त्याच रुळावर उलटी परत येते अशी लूप कुठे असेल, तर तिथला तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत तोडून त्याला ऑटो-रिव्हर्सर (विजेची बाजू आपोआप उलटवणारं यंत्र) लावावा. तो तुकडा सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवा.

खडी आणि गवत लावायची घाई इथे महागात पडते. आधी सर्वांत लांब गाडी प्रत्येक सांध्यातून पुढे ओढावी आणि मग उलटी ढकलावी, वेगाने. अनेक डबे एकाच जागी पडत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा जागोजागी पडत असेल तर दोष डब्याचा. डब्यात बहुधा वजन कमी असतं: एनएमआरएच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याला मूळ २८ ग्रॅम आणि लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम, म्हणजे सहा इंची वाघिणीला सुमारे ११३ ग्रॅम. प्लास्टिकची चाकं काढून धातूची घालावीत, रुळावरचा काळा थर कमी होतो. हे सगळं पार पडल्यावरच खडी. कोरडी खडी ब्रशने सारखी करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून, एक भाग पांढरा गोंद आणि तीन-चार भाग पाणी ड्रॉपरने सोडावं. सांध्याच्या पात्यांपाशी एकही थेंब जाता कामा नये.

बहुतेक आराखड्यांत एक गोष्ट राहून जाते: गाड्या येतात कुठून आणि जातात कुठे? दिसणाऱ्या लेआउटच्या पलीकडे तीन-चार समांतर रुळांचं साठवण यार्ड असेल तरच चार वेगवेगळ्या गाड्या आळीपाळीने मंचावर येतात. सिरिल फ्रीझर यांनी १९५७ मध्ये मांडलेला 'मिनोरीज' हा छोट्या शहरी टर्मिनसचा आराखडा आजही वापरला जातो, कारण त्याची मदार अशा पलीकडच्या यार्डावर आहे. नव्या खोलीत हे यार्ड पुस्तकांच्या कपाटाखाली किंवा दाराच्या पुलावरही बसतं, पण जागा आधी राखून ठेवायला हवी.

आणि एवढं सगळं एका दमात बांधायला जाऊ नये. सुरुवात ॲलन राइट या ब्रिटिश हौशीच्या 'इंगलनुक' कोड्याने करावी: दोन सांधे, तीन सायडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या काढून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. क्रम ६,७२० होतात. एचओमध्ये पाचची सायडिंग ७५ सेंमी, तीनच्या ४५-४५, आणि इंजिनासह तीन वाघिणी मावतील अशी ६५ सेंमीची पुढची लांबी. दोन सांधे धरून एकूण दोन मीटर, म्हणजे १२० सेंमीच्या दोन भागांत ते सुटसुटीत बसतं. सुतारकाम, जोड, फीडर, खडी, सगळ्याचा सराव यात होतो, आणि नंतर हेच मोठ्या लेआउटचं मालयार्ड होतं. अमेरिकेतल्या मॉन्टेरी इथल्या जॉन ॲलन यांनी आपला पहिला छोटा लेआउट असाच घरातल्या शेवटच्या, प्रसिद्ध लेआउटच्या पोटात घेतला होता. त्यासाठी एकच काळजी घ्यायची: रुळाची उंची आत्ताच मोठ्या लेआउटसाठी ठरवलेलीच ठेवावी, आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्यांवर बोल्ट आणि डोवेलची भोकं त्याच साच्याने आधीच पाडून ठेवावीत.